कानोसा : नगरच्या तटाआडची चार शतकं

डिसेंबर १५९५. अकबराचा मुलगा शहाजादा मुराद आणि सेनापती अब्दुर रहीम खानखानान नगरच्या भुईकोटासमोर येऊन ठाकले. निजामशाहीची तेव्हा शकलं झाली होती. प्रत्येक गटाने आपापला सुलतान पुढे केला होता आणि मोगलांना दख्खनेत येण्याचं आवतण याच भाऊबंदकीतून गेलं होतं. ते धाडणारा मियाँ मंजू इथलाच सरदार. शत्रू दाराशी आल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, पण तोवर वेळ निघून गेली होती. किल्ल्याची सूत्रं चांदबिबीने हाती घेतली. हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. माहेरचं राज्य वाचवायला ती तटावर उभी राहिली.

हा किल्ला डोंगरावरचा नव्हे. सपाटीवर घडीव दगडाचा तट आणि भोवती खोल, रुंद खंदक. तोफांनी तट लवकर पडणार नाही हे ओळखून मोगलांनी जमिनीखालून भुयारं खणली आणि त्यांत दारू ठासली. फेरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी नगरच्याच दरबारी चाकरीत होता. त्याच्या वृत्तांतानुसार फेब्रुवारी १५९६ मध्ये हे सुरुंग तयार झाले आणि सकाळी बत्ती द्यायचं ठरलं. त्याच रात्री मोगल छावणीतला ख्वाजा मुहम्मद खान शिराजी नावाचा माणूस अंधारातून तटापाशी आला. सुरुंग कुठे कुठे आहेत, हे त्याने आतल्यांना सांगून टाकलं.

आता तटाच्या आत काय प्रश्न पडला असेल, याचा विचार करा. शत्रूच्या गोटातला माणूस अपरात्री येऊन सांगतो की तुमच्या पायाखाली दारू आहे. तो खरं बोलतोय की शिबंदीला तटावरून खाली उतरवण्याचा हा डाव आहे? निर्णयाला एक रात्र होती. चांदबिबीने त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवला नाही आणि त्याला हाकलूनही दिलं नाही. तिने खणायला लावलं, स्वतः कामावर उभी राहिली. बातमी खरी की बनावट, याचा निकाल त्या मातीतच लागणार होता. उजाडेपर्यंत दोन सुरुंग निकामी झाले. तिसऱ्यातली दारू माणसं उपसत असतानाच मुरादने, खानखानानला न विचारता, बत्ती द्यायला लावली. तटाला मोठं खिंडार पडलं, आत काम करणारी माणसं उडाली. बुरखा आणि चिलखत घातलेली चांदबिबी नंगी तलवार घेऊन त्या खिंडारात आली. दिवसभर मोगलांचे हल्ले परतवले गेले आणि रात्रीतून खिंडार पुन्हा भरून निघालं. शेवटी वऱ्हाड घेऊन मोगलांनी वेढा उठवला.

शत्रूच्या गुप्त कारवाईचा सुगावा लागणं, त्याची शहानिशा करणं आणि वेळेत ती हाणून पाडणं, या तिन्ही गोष्टी इथे एका रात्रीत घडल्या.

चारच वर्षांनी, १६०० मध्ये, अकबराचा आणखी एक मुलगा दानियाल पुन्हा वेढा घालून बसला. या वेळी किल्ला टिकणार नाही, हे चांदबिबीने ओळखलं. अटी ठरवून किल्ला द्यावा आणि बाल सुलतानाला घेऊन सुखरूप जुन्नरला जावं, असा विचार तिने हमीदखान या अधिकाऱ्याजवळ बोलून दाखवला. तो बाहेर पडला आणि बेगम मोगलांना फितूर झाल्याची बोंब त्याने ठोकली. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार मारण्यात आलं. कुणी एक पुरावा मागितला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरुंगांनी तट फुटला, ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बाल सुलतान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

एकच किल्ला आणि तीच बाई. पहिल्या खेपेला शत्रूच्या माणसाचं बोलणं तपासून घेतलं म्हणून तट वाचला. दुसऱ्या खेपेला आपल्या माणसाविषयीची आवई न तपासता खरी मानली आणि किल्ला गेला. हेरगिरीशी लढणाऱ्या कुठल्याही समाजाला दोन खड्डे चुकवावे लागतात, बेसावधपणाचा आणि आंधळ्या संशयाचा. नगर जिल्ह्याने गेल्या चार शतकांत हे दोन्ही खड्डे पाहिले आहेत. आज रणगाड्यांचं मोठं ठाणं असलेल्या या जिल्ह्याने ते नीट आठवणीत ठेवायला हवेत.

पेडगाव : एक चकवा, एक घाला

श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव आहे. तिथल्या किल्ल्याला मोगल अमदानीत बहादूरगड म्हणत. औरंगजेबाचा सुभेदार बहादूरखान कोका याची छावणी इथे होती. जुलै १६७४ मध्ये, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा दोन हजार मराठा स्वार छावणीच्या दिशेने आले. खान फौजेनिशी त्यांच्यावर धावून गेला. मराठे पळू लागले, खान पाठलाग करत राहिला आणि छावणीपासून सुमारे पन्नास मैल दूर ओढला गेला. मागे सात हजारांची दुसरी तुकडी वेगळ्या वाटेने येऊन मोकळ्या पडलेल्या छावणीवर तुटून पडली. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे उमदे घोडे हाती लागले, असा आकडा इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिला आहे.

हा प्रसंग आपण गनिमी काव्याची गंमत म्हणून सांगतो. त्यातली हेरगिरीची बाजू मात्र निसटते. खानाच्या टेहळ्यांनी दोन हजार स्वार पाहिले, ते खरेच होते. बातमी खोटी नव्हती, अपुरी होती. शत्रूच्या हेराला पकडण्यापेक्षा त्याला आपण ठरवलेलं तेवढंच पाहू देणं हा जास्त जालीम उपाय असतो आणि महाराजांनी तो इथे वापरला.

पंधरा वर्षांनी याच बहादूरगडाने उलटा प्रसंग पाहिला. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश मोगलांच्या हाती सापडले. पकडणारा मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने निवडक फौज घेऊन सह्याद्रीच्या अवघड वाटांनी आला होता. महाराज नेमके कुठे आहेत आणि सोबत माणसं किती कमी आहेत, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो घाट उतरतोय, ही बातमी महाराजांपर्यंत मात्र वेळेत, विश्वास बसेल अशा रीतीने पोचली नाही. घरभेदी कोण, यावर इतिहासकारांत आजही वाद आहेत. ज्याच्यावर पुरावा नाही त्याच्या माथी ते पाप मारू नये. पण दोन्ही बाजूंच्या बातमीत त्या दिवशी केवढी तफावत होती, यावर वाद होऊ शकत नाही. १५ फेब्रुवारीला दोघांना बहादूरगडावर औरंगजेबासमोर उभं करण्यात आलं आणि ११ मार्चला तुळापूरला महाराजांची हत्या झाली.

पेडगावला गेलात तर पडके दरवाजे, भीमेकाठची भिंत आणि जुनी मंदिरं दिसतात. महाराजांच्या बलिदानाची आठवण म्हणून लोक आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. श्रद्धेने डोकं टेकवणं योग्यच आहे. त्याबरोबर हेही ध्यानात घ्यायला हवं की पराक्रमात तसूभर उणीव नसताना केवळ बातमीच्या बाबतीत शत्रू एक पाऊल पुढे राहिला, तर काय घडतं.

चौंडीची लेक

जिल्ह्याला आता ज्यांचं नाव मिळालं आहे, त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला आणि होळकरांची गादी पोरकी झाली. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी आतून राघोबादादांशी संधान बांधलं. दौलत ताब्यात घ्यायला दादा फौजेनिशी माळव्याकडे निघाले. बाईंना या मसलतीचा सुगावा लागला.

पुढे त्यांनी जे केलं ते फार शिकण्यासारखं आहे. त्यांनी दिवाणाच्या नावाने आरडाओरडा केला नाही. शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं गेली. थेट माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली गेली आणि त्यांनी बाईंचा हक्क मान्य केला. तुकोजी होळकर फौज घेऊन क्षिप्रेच्या काठी उभे राहिले. बायकांशी लढून जिंकलात तर कौतुक नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा आशयाचा निरोप बाईंनी दादांना धाडला, असं परंपरा सांगते. दादांनी आपण दुखवट्याला आलो होतो असं सांगून माघार घेतली. रक्ताचा थेंब न सांडता कट मोडला. जे अंधारात ठरलं होतं ते बाईंनी चारचौघांत, योग्य अधिकाऱ्यांसमोर उघड केलं, आणि उघड झालेल्या कटाला दात राहत नाहीत.

नाना कैदेत, आणि चार हजार रुपये

हिंदुस्थानभरच्या दरबारांतल्या खबरा ज्याच्या दप्तरी येत, तो नाना फडणवीस. ३१ डिसेंबर १७९७ रोजी तो पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेला आणि तिथेच त्याला धरण्यात आलं. सुखरूप परत पाठवण्याचा शब्द शिंद्यांच्या चाकरीतल्या मायकेल फिलोज या युरोपीय अधिकाऱ्याने दिला होता. त्या शब्दावर नाना गेला आणि तिथून नगरच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. १७९८ च्या उन्हाळ्यानंतर तो सुटला, पण मराठी राज्याची घडी तोवर पुरती विसकटली होती. दूरवरच्या दरबारातली कुजबुज ऐकणाऱ्या कानांना आपल्याच शहरातला दगा ऐकू आला नाही.

पाच वर्षांनी तोच किल्ला आर्थर वेलस्लीने घेतला. ८ ऑगस्ट १८०३ ला पेठेच्या तटाला शिड्या लावून इंग्रज आत उतरले, मग तोफा किल्ल्याकडे वळल्या आणि १२ तारखेला किल्लेदाराने किल्ला खाली केला. जुनं गॅझेटियर यातली एक बोचरी नोंद करून ठेवतं. हल्ला कुठल्या बाजूने करावा हे सांगण्याबद्दल भिंगारचे देशमुख रघुरावबाबा यांना चार हजार रुपये देण्यात आले.

निजामशाहीच्या या राजधानीत १५४९ मध्ये मलिक-ए-मैदानसारखी प्रचंड तोफ ओतली गेली होती. तट, खंदक, तोफा यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा पैसा ओतला गेला. ते सगळं चार हजारांच्या माहितीपुढे लंगडं पडलं. ती माहिती तरी कसली? कुठला खलिता नव्हे, कुठला नकाशा नव्हे. तटाची कुठली बाजू कमजोर आहे, हे भिंगारच्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असणार. गावात ज्याला कुणी गुपित म्हणत नाही, तेच शत्रूच्या हाती पडलं की हत्यार होतं.

वेलस्लीची पद्धतही पाहण्यासारखी. या मोहिमेत त्याने हरकाऱ्यांची तीन स्वतंत्र खाती ठेवली होती. एका खात्याच्या बातम्या दुसऱ्याला कळत नसत. तिघांकडून आलेलं ताडून पाहायचं आणि मग हलायचं. असं असूनही सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांची फौज त्याला अपेक्षेपेक्षा कितीतरी अलीकडे, अचानक समोर दिसली. एवढ्या काटेकोर माणसाचीही बातमी चुकते. म्हणूनच एकाच तोंडाच्या बातमीवर कुणाला फितूर ठरवणं आणि एकाच तोंडाच्या ग्वाहीवर निर्धास्त राहणं, दोन्ही घातक.

सरसकट शत्रू

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं आणि हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मन पुरुषांची धरपकड झाली. हेर कोण आणि बिनधोक कोण, हे बघायला सरकारला उसंत नव्हती. त्यांना नगरच्या छावणीत आणून तारेच्या कुंपणाआड ठेवलं. पहिल्या महायुद्धातही इथे अशीच छावणी होती. या वेळच्या कैद्यांत गिर्यारोहक हाइनरिख हारर होता, जो पुढे डेहराडूनच्या छावणीतून निसटून तिबेटला पोचला. पण त्याच कुंपणात हिटलरच्या छळामुळे देश सोडून आलेले ज्यूही होते. ज्याच्यापासून जीव वाचवून पळालो त्याचेच हस्तक म्हणून आपल्याला कोंडावं, ही त्यांची अवस्था.

सरकारला चूक उमगायला वेळ लागला, पण उमगली. डार्लिंग समिती नेमून एकेकाची चौकशी झाली, ज्यू संघटनांचं म्हणणं ऐकलं गेलं आणि अनेकांना सोडण्यात आलं. परक्या राजवटीने हे भूतदयेपोटी केलं असं मानायचं कारण नाही. खरे धोकादायक लोक शोधायचे तर बाकीच्यांना बाजूला काढावंच लागतं, एवढा व्यवहार तिला कळत होता. तीन वर्षांनी याच सरकारने नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर नेते भुईकोटात आणून ठेवले आणि ते कुठे आहेत हे देशापासून लपवलं. देशाच्या संरक्षणाचं गुपित वेगळं आणि राज्यकर्त्यांच्या सोयीचं गुपित वेगळं, हा फरक नगरच्या लोकांनी तेव्हाच पाहिला.

आजचं नगर

स्वातंत्र्यानंतर नगर हे चिलखती दळाचं माहेरघर झालं. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे, डीआरडीओची वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे आहे आणि खारे-कर्जुने गावांच्या नावावरून ओळखली जाणारी के. के. रेंज इथेच. सरावाच्या तोफांचा आवाज आसपासच्या गावांना सवयीचा झाला आहे. भुईकोटही लष्कराच्याच ताब्यात आहे.

शहराचं टँक म्युझियम १९९४ पासून लोकांसाठी खुलं आहे. युद्धात पकडलेल्या पाकिस्तानी पॅटनच्या पोलादाला शाळेची पोरं हात लावून येतात, त्याच्यासमोर फोटो काढतात. ते पाहताना एक गोष्ट कळते. जुनं लोखंड गुपित नसतं, हालचाल गुपित असते. कुठली तुकडी कधी निघाली, रेल्वेच्या सायडिंगला काय चढवलं, कुठल्या वाहनाची चाचणी थांबली, कुणाची बदली कुठे झाली. ही माहिती तिजोरीत नसते. ती चहाच्या टपरीवर, गॅरेजात, ठेकेदाराच्या वहीत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते. गोधडी शिवावी तसे हे तुकडे शत्रू जोडत जातो. एकेक चिंधी बिनकामाची वाटते, पण शिवून झाली की पांघरायला पुरते.

जानेवारी २०१८ मध्ये साऱ्या जगाला याचा दाखला मिळाला. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने लोक कुठे धावतात याचा नकाशा आधीच प्रसिद्ध केला होता आणि अनेक देशांच्या लष्करी तळांतल्या धावण्याच्या वाटा त्यावर उमटलेल्या दिसल्या. सैनिक फितूर नव्हते, सकाळी पळायला जात होते. २०२० मध्ये आपल्या सैन्याने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, ती याच काळजीपोटी.

आपल्या राज्यातली प्रकरणं फार लांबची नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये नाशिकच्या एचएएलमधल्या एका कर्मचाऱ्याला एटीएसने अटक केली. विमानांची माहिती पाकिस्तानी हेरखात्याला दिल्याचा आरोप होता. मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेचा संचालकच धरला गेला. ऑनलाइन ओळख झालेल्या, बाई म्हणवणाऱ्या व्यक्तीला माहिती पुरवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. आरोप सिद्ध करणं हे न्यायालयाचं काम. पण शिपायापासून संचालकापर्यंत कुणीही या जाळ्यापासून आपोआप सुरक्षित नाही, एवढं यातून दिसतं.

जाळं टाकण्याची रीत ठरलेली आहे. अनोळखी, गोड चेहऱ्याची विनंती येते. दोन-चार ओळखीच्या माणसांशी ती आधीच जोडलेली असते, म्हणून भरवसा वाटतो. आठवडे नुसत्या गप्पा. मग सहज विचारलेला प्रश्न, आज ड्यूटी कुठे? मग एखादा फोटो, एखादं ॲप, ज्यातून फोनचा ताबाच जातो. कधी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने फोन येतो आणि दरडावून माहिती मागितली जाते. पहिली चूक झाली की आवाज बदलतो. आता पैसे दिले जातात किंवा बदनामीची धमकी. दुसरी रीत गरिबाला गाठते. मे २०२३ मध्ये ओडिशाच्या विशेष पथकाने पकडलेल्या लोकांवर आरोप होता तो दुसऱ्यांच्या नावावरची सिमकार्डं आणि ओटीपी विकल्याचा. त्यांतून उघडलेली भारतीय नंबरांची खाती सीमेपलीकडून चालवली जात होती. आपल्या ओळखीच्या कुणाच्या नावावरच्या सिमवरून उद्या कुठल्या जवानाला मेसेज जाईल, हे विकणाऱ्याला कधीच कळत नाही.

फितूर कोण, गाफील कोण

१९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम इंग्रजी अमलातला आहे आणि त्याच्या कडकपणावर वाजवी टीकाही होते. पण त्यातला एक फरक महत्त्वाचा आहे. संरक्षणविषयक हेरगिरीला चौदा वर्षांपर्यंतची शिक्षा त्यात आहे, तर हाती असलेल्या गुप्त माहितीची पुरेशी काळजी न घेणं हा वेगळा, कमी शिक्षेचा गुन्हा आहे. कायदा गाफील आणि फितूर यांना एका मापाने मोजत नाही. आपण मात्र मोजतो. अटकेच्या दुसऱ्या दिवशी कागदपत्रं वाचण्याआधीच माणूस देशद्रोही ठरतो, त्याच्या पोरांना शाळेत तोंड दाखवणं अवघड होतं.

इस्रोच्या नंबी नारायणन यांना नोव्हेंबर १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. १९९६ मध्ये सीबीआयने आरोपांत तथ्य नसल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं ते सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षांनी. क्रायोजेनिक इंजिनावर काम करणारा माणूस त्या कामातून उठला. शत्रूने हेर पाठवून यापेक्षा जास्त काय साधलं असतं?

म्हणून मला वाटतं, या लढाईतला सगळ्यात मोलाचा क्षण छाप्याचा किंवा अटकेचा नसतो. तो त्याच्या कितीतरी आधी येतो, जेव्हा जाळ्यात पाय अडकलेल्या माणसाच्या लक्षात येतं की काहीतरी चुकलं. तेव्हा त्याने फक्त एक फोटो पाठवलेला असतो, एक ॲप उतरवलेलं असतं. अजून नुकसान थोडं असतं. त्या क्षणी तो वरिष्ठांकडे किंवा पोलिसांकडे गेला तर सुरुंग निकामी होतो, शिवाय शत्रूची वाटही कळते. तो जात नाही, कारण त्याला हसं होण्याची भीती वाटते, बायकोला काय सांगू असं वाटतं, नोकरी जाईल असं वाटतं. शत्रूचं सगळं भांडवल ही भीतीच असते. तो माहिती विकत घेत नाही, गप्प बसणं विकत घेतो.

ही भीती मोडण्याचं काम एकट्या गुप्तचर खात्याचं नाही. कॅम्पात नवऱ्याला किंवा भावाला पाठवणाऱ्या घरांचं आहे, ठेकेदारांचं आहे, वर्कशॉपच्या फोरमनचं आहे. वेळेत येऊन सांगणाऱ्याची चूक आणि लपवून विकणाऱ्याचा गुन्हा यांत खात्याने फरक करावा, आणि तो फरक भरतीच्या पहिल्या दिवसापासून जवानाला ठाऊक असावा. तपास यंत्रणांनी पुरावा हाती येईपर्यंत नावं फोडू नयेत, वर्तमानपत्रांनी निकालाआधी निकाल लावू नये. गावातल्या पोराला सिम विकण्याचे दोनशे रुपये मिळतात तेव्हा त्याला त्या पैशाची खरी किंमत सांगणारं कुणीतरी हवं.

आणि एखाद्या रात्री घरातला मुलगा फोन पुढे करून खालमानेने म्हणाला, आई, माझ्या हातून असं झालंय, तर पहिलं वाक्य शिव्यांचं नसावं. सांगितलंस ते बरं केलंस, उद्या सकाळी साहेबांकडे जाऊ, मी येते बरोबर, असं म्हणणारी आई हीच या जिल्ह्याची पहिली संरक्षणफळी आहे.